कोर्लई बघायचाय? मग आधी रेवदंड्यात उतरा

बरेच जण अलिबागच्या पुढचा कोर्लई किल्ला कसा बघतात माहितीये? निघालेले असतात काशीदला, गाडीतून खाडीपलीकडे डोंगर दिसतो, कोणीतरी म्हणतं अरे चल ना वर जाऊन येऊ, मग भर दुपारी दीड वाजता चपला फटफटवत पायऱ्या चढायच्या, अर्ध्यात जीभ बाहेर, चर्चच्या भिंतीपाशी चार सेल्फी आणि "काही नाहीये रे, नुसत्या भिंती आहेत" म्हणत खाली. मी पण पहिल्यांदा अस्साच गेलो होतो आणि हेच बोललो होतो. दुसऱ्या वेळी मुरूडची बस माझ्याच आळसापायी चुकली आणि रेवदंड्यात तीन तास काढावे लागले, करायचं काय म्हणून तिथल्या वाड्यांमधून भटकलो, तटाच्या कडेकडेनं फिरलो, आणि मग संध्याकाळी कोर्लईवर पोचलो तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली. या दोन जागा वेगळ्या नाहीतच. खाली शहर आणि वर त्याच्या मानेवर ठेवलेला सुरा, अशी ती जोडी आहे. म्हणून माझा एकच आग्रह, एक अख्खा दिवस काढा आणि याच क्रमानं बघा, आधी रेवदंडा, मग कोर्लई.

आधी नकाशा डोक्यात बसवून घ्या म्हणजे पुढचं सोपं जाईल. कुंडलिका नदी रोह्याकडून येते आणि इथे समुद्राला मिळते. खाडीच्या मुखाशी उत्तरेला रेवदंडा, सपाट, नारळ-सुपारीत बुडालेलं. दक्षिणेकडून एक लांबट अरुंद डोंगर थेट खाडीच्या तोंडापर्यंत आत घुसलाय, एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. हाच कोर्लईचा डोंगर, पोर्तुगीज त्याला मोरो म्हणायचे, चौलचा मोरो. उंची काही फार नाही, शंभरेक मीटर असेल, पण खाडीत येणारं जाणारं प्रत्येक गलबत त्याच्या नाकाखालून जाणार. हे एवढं लक्षात ठेवा, बाकी वर गेल्यावर कळेल.

जायचं कसं? मुंबईकरांसाठी सगळ्यात मजेशीर रस्ता पाण्यातला. गेटवेवरून मांडव्याला लाँच जातात, तासाभरात पोचवतात, आणि बहुतेक लाँचच्या तिकिटातच पुढे मांडवा ते अलिबाग बस असते (तिकीट काढताना विचारून घ्या). गाडी न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो आहे. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, तेव्हा पेण-वडखळवरून रस्त्यानं. वडखळच्या ट्रॅफिकबद्दल मी काही बोलत नाही, ज्यानं शनिवारी सकाळी तिथे वडापाव खात तास काढलाय त्याला माहितीये. अलिबाग एसटी स्टँडवरून रेवदंडा सतरा-अठरा किलोमीटर, बस असतात, नाहीतर विक्रम किंवा मिनिडोर या मोठ्या रिक्षा, शेअरमध्ये बसायचं, गच्च भरेपर्यंत ड्रायव्हर हलत नाही हे आधीच मान्य करून बसा. वाटेत नागाव, चौल लागतं. रेवदंड्यात पारनाक्याला उतरवा म्हणायचं.

सीझन. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, बाकी महिन्यांत गेलात तर स्वतःच्या जबाबदारीवर. मार्च-एप्रिलमध्ये सकाळी नऊनंतर वर चढणं म्हणजे तव्यावर बसणं. पावसाळ्यात डोंगर हिरवागार होतो, फोटो भन्नाट येतात, पण पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि गवत कमरेएवढं वाढतं, त्यात पाय कुठे पडतोय, खाली टाक्याचा काठ आहे की साप आहे काही दिसत नाही, म्हणून पोरंबाळं घेऊन असाल तर नकोच. दिवसाचं गणित असं ठेवा की सकाळी आठ-साडेआठला रेवदंडा, दुपारी जेवण, चारच्या सुमाराला कोर्लईच्या पायथ्याशी, सूर्यास्ताआधी खाली. उलटं केलंत तर किल्ला उन्हात आणि गाव अंधारात, दोन्ही वाया.

आता रेवदंडा. इथे लोकांची पहिली गडबड अशी होते की ते किल्ला शोधत बसतात. अहो तुम्ही किल्ल्यातच उभे आहात! या कोटाला आगरकोट म्हणतात, आणि आजचा रस्ता, घरं, वाड्या, विहिरी हे सगळं त्या जुन्या तटाच्या आतच आहे. दरवाजातून गाड्या जातात, तटाच्या भिंतीला टेकून कोणाची तरी स्कूटर उभी असते, बुरुजावर कपडे वाळत असतात. गूगल मॅपवर 'रेवदंडा फोर्ट' टाकलं की तो कुठल्यातरी एका बिंदूवर नेतो, त्याचं फार मनावर घेऊ नका, समुद्राच्या बाजूनं तट धरा आणि चालत राहा. किनाऱ्यावर सुरूची झाडं, काळपट वाळू आणि डोक्यावर तट, भरती असेल तर पाणी बऱ्यापैकी वर येतं. पोहायला मात्र जाऊ नका, खाडीच्या मुखाचं पाणी वरून शांत दिसतं पण ओढ भयंकर असते, गावातला कोणीही सांगेल.

आतमध्ये सगळ्यात उठून दिसतो तो सातखणी मनोरा. फ्रान्सिस्कनांच्या सांता बार्बारा चर्चचा हा मनोरा, एकेकाळी सात मजली म्हणून सातखणी. नारळांच्या वर डोकं काढून उभा आहे, चर्च गेलं, मनोरा राहिला. आत शिरून वर बघा, मजल्यांच्या खोबणी दिसतात, चढायचा प्रयत्न करू नका कारण चढायला काही शिल्लकच नाहीये आणि वरून दगड सुटू शकतो. डोमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन असे वेगवेगळ्या पंथांचे मठ आणि चर्च या तटाच्या आत होते, त्यांचे अवशेष वाड्यांमध्ये विखुरलेत. एखादी कमान थेट कोणाच्या तरी सुपारीच्या वाडीत असते, तिथे सरळ घुसू नका. फाटकाशी उभं राहून "काका, आत बघून येऊ का जरा?" एवढं विचारलं की कोणी नाही म्हणत नाही, उलट विहीर कुठे, तोफ कुठे पडलीय हे पण सांगतात. न विचारता घुसलात तर कुत्रा विचारतो.

इतिहासाचा डोस थोडाच देतो, पण तो इथेच घ्या, वर चढताना दम लागलेला असतो तेव्हा कोणी ऐकत नाही. चौल हे फार जुनं बंदर, इथून घोडे, रेशीम, कापड असला व्यापार चालायचा. १४६९ च्या सुमाराला अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी इथेच उतरला, वास्को द गामा यायच्या जवळपास तीस वर्षं आधी, रेवदंड्यात शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे (शाळेच्या वेळात जाताना परवानगी विचारा). १५०८ मध्ये याच खाडीत पोर्तुगीज आणि इजिप्त-गुजरातच्या आरमाराची लढाई झाली, त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेइदाचा पोरगा लोरेन्सो मारला गेला, आणि गंमत बघा, पळता पळता त्याचं जहाज अडकलं कशात तर मासेमारीच्या जाळ्यांसाठी पाण्यात रोवलेल्या खुंटांत. मोठमोठ्या तोफा घेऊन आलेल्या जहाजाला आमच्या कोळ्यांच्या खुंटांनी धरलं, मला तरी हे वाचून लय भारी वाटलं होतं. १५२१ मध्ये निजामशहाच्या परवानगीनं पोर्तुगीजांनी रेवदंड्यात कोट बांधायला घेतला. मग दोन चौल झाली, वरचं निजामशाहीचं आणि खालचं म्हणजे रेवदंडा पोर्तुगीजांचं. १५७०-७१ मध्ये मूर्तजा निजामशहानं मोठा वेढा घातला, तरी कोट पडला नाही. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेनं पण वेढा दिला होता. शेवटी चिमाजी आप्पांनी वसई घेतल्यावर १७४० च्या तहात रेवदंडा आणि कोर्लई दोन्ही मराठ्यांकडे आले, १८१८ नंतर इंग्रज. संपलं.

वेळ उरला तर गावात बेने इस्रायली म्हणजे इथल्या ज्यू लोकांचं बेथ एल सिनेगॉग आहे, शनिवारी काम न करणारे तेली म्हणून यांना इकडे शनिवार तेली म्हणायचे. चौलचं रामेश्वर मंदिर आणि त्यापुढचं पुष्करणी तळं पण छान आहे, पण ते सगळं एकाच दिवशी कोंबू नका, चौलला वेगळा दिवस द्या.

जेवण रेवदंड्यातच उरकून घ्या. घरगुती खानावळी आहेत, सकाळीच फोन करून किंवा जाऊन सांगून ठेवलं तर ताजं मिळतं, ऐन दोनला जाऊन पापलेट आहे का विचारलं तर सुरमईचा शेवटचा तुकडा वाट्याला येतो. तांदळाची भाकरी आणि सोलकढी मागा. पोटभर मात्र जेवू नका, पुढे चढायचंय. थंडीत गेलात आणि कोणी पोपटीला बोलावलं तर किल्ला गेला खड्ड्यात, आधी पोपटी. भांबुर्डीचा पाला घालून मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा, हे काय प्रकरण आहे ते लिहून कळत नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा दिसतील, अलिबागच्या या कांद्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, परतताना घ्या, जाताना घेतल्यात तर दिवसभर खांद्यावर वागवाल.

रेवदंड्याहून मुरूडकडे जाणारी कुठलीही बस पुलावरून साळावला उतरते आणि पुढे कोर्लईला जाते, पाच-सहा किलोमीटर फक्त. पुलावरून जाताना उजवीकडची खिडकी पकडा, तिथून अख्खा डोंगर आडवा पसरलेला दिसतो आणि त्याच्या पाठीवरून तटाची रेघ. मेन रोडवर कोर्लईला उतरलं की आत गावातून दीपगृहापर्यंत दोनेक किलोमीटर चाल आहे. गाडी असेल तर हळू चालवा, रस्ता अरुंद, समोरून टेम्पो आला की रिव्हर्स कोणी घ्यायचा यावर चर्चा होते.

गावातून जाताना घाई करू नका, कारण माझ्या मते किल्ल्यापेक्षा मोठं आश्चर्य हे गावच आहे. इथल्या ख्रिश्चन वस्तीत अजून एक पोर्तुगीज-मराठी मिसळीची बोली चालते. १७४० मध्ये पोर्तुगीज गेले पण त्यांच्याबरोबरची स्थानिक ख्रिश्चन माणसं मागेच राहिली, शेतीभाती करत राहिली, आणि त्यांनी ती भाषा घराघरात टिकवली, बोलणारे हजाराच्या आसपास असतील नसतील. ते स्वतः तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे 'आमची भाषा'. मराठी कानाला हा शब्द भलताच ऐकू येतो ते मला माहितीये, पण तिथे उभं राहून खिदळू नका, प्लीज. आणि आपण तरी कुठे सुटलोय, पाव, बटाटा, चावी, पगार, काजू हे सगळं त्यांच्याकडूनच आलंय की. तिथली मंडळी तुमच्याशी छान मराठीत बोलतात, त्यामुळे "जरा पोर्तुगीज बोलून दाखवा ना" असली सर्कस करायला लावायची गरज नाही. चर्चपाशी, दुकानापाशी दोन मिनिटं थांबलात तर आपोआप कानावर पडते.

पुढे कोळीवाडा. मासळी वाळत घातलेली असते, बोंबील वलांडीवर, जवळा खाली पसरलेला. वास येणार, नाकाला रुमाल लावून चाललात तर ते चांगलं दिसत नाही. सुकत्या मासळीवरून गाडी नेऊ नका, पाय देऊ नका, आणि बायकांचे फोटो न विचारता काढू नका. एकदा एका ग्रुपनं जवळ्यावर बाईक उभी केली होती, मावशींनी जे काही सुनावलं ते ऐकून मीच दोन पावलं मागे सरकलो.

किल्ल्यावर जायच्या पायऱ्या दीपगृहाच्या मागून सुरू होतात. आवारात जायची वेळ गावातच विचारून घ्या म्हणजे दारात जाऊन परत फिरायला नको. इथेच पाण्याच्या बाटल्या भरलेल्या असू द्या, माणशी दीड लिटर तरी. वर दुकान नाही, सरबतवाला नाही, सावली म्हणाल तर भिंतीची. किल्ल्यावर टाकं आहे, त्यातलं पाणी लोक पितात पण, पण बाहेरच्या पोटानं प्रयोग करू नये. बूट घाला. टोपी घट्ट बसणारी हवी, वरच्या वाऱ्यानं माझी एक टोपी अरबी समुद्राला वाहिलेली आहे.

चढ पंधरा-वीस मिनिटांचा, दमदार माणसाला दहा. आत शिरलं की एक गोष्ट पटकन जाणवते, किल्ला रुंद नाहीच. अडीच हजार फुटांहून जास्त लांब आणि सरासरी ८९ फूट रुंद, म्हणजे एखाद्या आगगाडीसारखा, आणि आगगाडीसारखेच डबे आहेत. डोंगराच्या धारेवर आडव्या भिंती घालून एकामागून एक भाग पाडलेत, प्रत्येकाला दरवाजा, म्हणजे शत्रूनं एक भाग घेतला तरी पुढचा दरवाजा बंद. एकूण दरवाजे अकरा म्हणतात, मोजायची पैज लावा, माझा आकडा दर वेळी वेगळा आला. दरवाजांवर पोर्तुगीज शिलालेख आणि राजचिन्हं बघायला मान वर ठेवा, लोक पायाकडे बघत निघून जातात. बुरुजांना पोर्तुगीजांनी संतांची नावं दिली होती, मराठ्यांनी बदलून पुस्ती बुरूज, गणेश बुरूज अशी ठेवली. वरच्या भागात बिनछपराचं चर्च आहे, भिंती आणि कमानी शाबूत, आणि तिथून थोड्याच अंतरावर महादेवाचं छोटं मंदिर, तुळशी वृंदावन. चर्चच्या भिंतीवर बदाम आणि नावं कोरणारे महाभाग आहेतच, त्यात भर घालू नका एवढंच.

आता चर्चच्या पुढे जाऊन उत्तरेकडे तोंड करून बसा. गडबड नको, वीस मिनिटं बसा. समोर पाण्यापलीकडे नारळांचा गडद हिरवा पट्टा दिसतोय ना, सकाळी तुम्ही त्याच्या आत फिरत होतात. आणि आता विचार करा की या जागी तोफा निजामशहाच्या आहेत. १५९४ मध्ये नेमकं हेच झालं, बुर्‍हाण निजामशहानं या डोंगरावर किल्ला उभा केला आणि खालचं पोर्तुगीज शहर एकदम त्याच्या मुठीत आलं, बंदरातली जहाजं वरून दिसतात, मोजता येतात, फोडता येतात. पोर्तुगीजांना दुसरा पर्यायच नव्हता, त्याच वर्षी त्यांनी हल्ला करून हा डोंगर घेतला आणि पुढे जवळपास दीडशे वर्षं सोडला नाही. पुस्तकात हे मी दोनदा वाचलं होतं, पण सकाळी ज्या गल्लीत चहा प्यायलो ती गल्ली वरून बोटभर दिसल्यावर जे कळलं ते वाचून कळलं नव्हतं. रेवदंड्यात न जाता वर आलं की समोर नुसती झाडं दिसतात.

अंगात दम असेल तर तसेच उत्तरेच्या टोकाकडे उतरत जा, दरवाजामागून दरवाजा, शेवटी बांधकाम अगदी पाण्यालगत पोचतं आणि तिथून खाडीचं तोंड हाताच्या अंतरावर वाटतं. होड्या जाताना इंजिनाची टकटक ऐकू येते. वाटेत तोफा पडलेल्या दिसतील, त्यांच्यावर पोरांना घोडा घोडा करू देऊ नका. गुडघे कुरकुरत असतील तर मात्र हे टोक वरूनच बघा, कारण जेवढं उतराल तेवढं परत चढायचंय आणि हे लोकांना उतरताना कधीच आठवत नाही. दक्षिणेकडे बघितलंत तर गाव, होड्या आणि कोर्लईचा किनारा, पूर्वेला साळावचा कारखाना आणि त्याच्या चिमण्या. फोटोत त्या चिमण्या येऊ नयेत म्हणून लोक काय काय कसरती करतात, मला तर त्या आवडतात, बंदर अजून जिवंत आहे एवढंच त्या सांगतात.

सूर्यास्त वरूनच बघायचा मोह होतो. सूर्य पाण्याला टेकायच्या आधी अर्धा तास निघालात तर बरं, पायऱ्यांवर दिवे नाहीत आणि अंधार झपकन पडतो, मोबाईलचा टॉर्च हातात धरून उतरताना एक हात अडकतो. खाली येऊन किनाऱ्यावर बसून उरलेला सूर्यास्त बघा, तोच सूर्य आहे. सोबत आणलेला कचरा सोबत न्या, वेफर्सचं पाकीट तिथल्या वाऱ्यात थेट खाडीत जातं.

परतीची बस सकाळी उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा, कारण मुरूडकडून येणाऱ्या शेवटच्या गाड्या भरून येतात आणि कोर्लईला हात दाखवला तरी कधीकधी थांबत नाहीत. तसं झालं तर घाबरू नका, फाट्यावर रेवदंड्याकडे जाणारी मिनिडोर मिळते, त्यात जागा नसली तरी असते.